कलम १७ चा माग कसा काढायचा

बडोद्यात राज्यघटनेचा अभ्यास सुरू करायचा असेल तर आधी अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ घ्यावं. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना जातीपायी इथे राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी त्याचीच खूण. ती अस्पृश्यता कायद्याच्या शब्दांत कशी संपवली, हे तारीखवार पाहता येतं.

मोठ्या कागदावर चार रकाने आखा: तारीख, क्रमांक, मजकूर, सभागृहात काय झालं. संविधान सभेच्या चर्चेचे १२ खंड पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, थेट तारखेवर जा.

पहिली ओळ २९ एप्रिल १९४७ ची. बडोद्याचे दिवाण मित्तर आदल्याच दिवशी सभागृहात दाखल झाले होते. त्या दिवशी चर्चेला आलेल्या मूलभूत हक्कांच्या अंतरिम अहवालात हा मजकूर सहाव्या क्रमांकावर आहे: अस्पृश्यता नष्ट, आणि तिच्यापायी कोणावर निर्बंध लादणं हा गुन्हा.

दुसरी ओळ फेब्रुवारी १९४८ च्या घटनेच्या मसुद्याची. इथे तो कलम ११ होतो. दोन्ही मजकूर शब्दाला शब्द लावून पाहा. 'आचरणास मनाई' आणि 'कायद्यानुसार शिक्षापात्र' हे नवे शब्द लाल शाईने अधोरेखित करा; सगळी धार तिथेच आहे.

बहुतेकजण चुकतात ते क्रमांकात. चर्चेत '१७' शोधलात तर माणसांचा व्यापार आणि वेठबिगारीवरची भाषणं हाती येतील. मसुद्यातलं ते १७ पुढे २३ झालं.

तिसरी ओळ २९ नोव्हेंबर १९४८, मसुद्यातल्या कलम ११ वरच्या चर्चेची. हा दिवस सावकाश वाचा. सभेचे सदस्य के. टी. शहांनी विचारलं, अस्पृश्यतेची व्याख्या कुठे आहे? ठरावीक दिवसांत बायकांनाही अस्पृश्य मानतात, अंत्यविधीच्या वेळीही शिवाशीव पाळतात, मग तेही यात येणार का? शंका रास्त होती, तरी व्याख्या घातली गेली नाही. भाषण कितीही पटलं तरी ते मजकुराच्या रकान्यात लिहू नका. दुरुस्ती नुसती सुचवली, मागे घेतली, फेटाळली की मंजूर झाली, ते बघूनच चौथा रकाना भरा. कलम मंजूर होताच सभागृहात 'महात्मा गांधी की जय' झालं, तेही तिथे नोंदवा.

चौथी ओळ २६ नोव्हेंबर १९४९: अंतिम क्रमांक १७.

खाली पाचवीसाठी जागा सोडा. 'कायद्यानुसार' म्हटलं, पण तो कायदा १९५५ साली आला; १९७६ च्या दुरुस्तीने त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं.