मेटल जिग: रंग नंतर बघा, आधी ती पडते कशी ते बघा

जिग म्हणजे हुक लावलेला, छोट्या माशासारखा दिसणारा धातूचा जड तुकडा, आणि तो पाण्यात सोडून उचलत-पाडत मासे गरवायचे ते जिगिंग. ते सुरू करायचं म्हटलं की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रंग कुठला घेऊ, गुलाबी का निळा, अंधारात चमकणारी ग्लोवाली चांगली का चांदीवाली. मी पण हेच केलेलं, पहिल्या वर्षी डब्यात बारा-पंधरा जिग्स होत्या, प्रत्येकीचा रंग वेगळा आणि वजन सगळ्यांचं एकच, ४० ग्रॅम. मग बोटीवरून ५० मीटर पाण्यात सोडल्यावर व्हायचं तेच झालं, एकही धड तळाला लागेना, लाईन मांज्यासारखी तिरकी लांबच लांब चाललीय आणि शेजारी उभा असलेला माणूस रंग उडालेल्या, दातांच्या ओरखड्यांनी भरलेल्या एका जिगवर एकामागून एक मासे काढतोय. त्याची जिग जड होती, सरळ खाली जात होती आणि पडताना डुलत होती, बाकी काही जादू नव्हती त्यात. मेटल जिगवरचे बरेचसे चावे जिग वर उचलताना नाही तर ती खाली पडताना येतात, तेव्हा जिग निवडताना आधी दोनच गोष्टी विचारायच्या, ही तळापर्यंत पोचेल का आणि पोचताना कशी पडेल.

वजनापासून सुरू करू. ढोबळ हिशोब असा की पाण्याच्या दर फुटाला १ ग्रॅम, म्हणजे साधारण दर मीटरला ३ ग्रॅम, ३० मीटर खोल असेल तर १०० ग्रॅमच्या आसपास, ५० मीटरला १५०. हा हिशोब शांत पाण्याचा आहे हां, पाण्याला ओढ असेल किंवा बोट वाऱ्याने पळत असेल तर दीडपट-दुप्पट सुद्धा लागतं, आणि लाईन जाड असेल तर अजून वाढवावं लागतं कारण जाड लाईनला पाणी जास्त धरतं. पण खरं उत्तर लाईनच देते. जिग तळाला लागली, चार-पाच वेळा उचलली, परत सोडली आणि आता तळ कळतच नाहीये, लाईन बोटीपासून लांब तिरकी गेलीय, असं झालं की हट्ट करत बसू नका, एक पायरी जड जिग लावा. उलट्या बाजूने, दगडासारखी धाडकन जाते, तळावर टक्क आपटते आणि मधे काही हालचालच नाही असं वाटलं तर एक पायरी हलकी लावून बघा. किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांसाठी गोष्ट सोपी, २० ते ६० ग्रॅममध्ये बहुतेक काम होतं, फक्त रॉडवर जे वजन लिहिलेलं असतं त्याच्या वर जाऊ नका, लांब फेकायच्या नादात चांगली रॉड टोकाला मोडलेली मी डोळ्यांनी बघितलीय (माझीच होती).

आता धातू. साध्या जिग्स शिशाच्या असतात, महागड्या टंगस्टनच्या. शिशाची घनता ११.३ आणि टंगस्टनची १९.३, म्हणजे त्याच वजनाची टंगस्टनची जिग दिसायला बरीच लहान असते, पाणी कापत पटकन खाली जाते, आणि मासे अगदी बारीक पिल्लांमागे लागलेले असतील आणि मोठ्या जिगला हुंगून परत जात असतील तेव्हा तिचा खरा उपयोग होतो. पण खडकाळ तळावर टंगस्टन सोडायला माझा हात धजत नाही, अडकली की जीव हळहळतो. शिकायला शिसंच बरं, खुशाल अडकू दे.

आकार हा मात्र निवांत समजून घ्यायचा विषय आहे. लांब, सडपातळ, सुरीसारखी जिग पाण्यात कापत जाते, लवकर खाली आणि लवकर वर, तिच्यावर टूना, ट्रेवली असले पळणारे मासे येतात. आखूड, रुंद, पानासारखी चपटी जिग डुलत, आडवी होत, गिरक्या घेत पडते, ही तळाजवळ बसून राहणाऱ्या आळशी माशांसाठी, हेकरू, तांबोशी वगैरे, जे पाठलाग करायचे कष्ट घेत नाहीत पण तोंडासमोर काहीतरी मरतुकडं पडलं तर सोडत नाहीत. या दोन टोकांच्या मधे शेकडो आकार आहेत आणि पाकिटावर काहीही लिहिलेलं असतं, त्यामुळे मी एक साधी गोष्ट करतो. जिग आडवी धरायची आणि तर्जनीवर मधोमध ठेवायची, मग हळूहळू सरकवत ती तोलून कुठे राहते ते बघायचं. बरोबर मधे तोलली तर ती जिग पडताना आडवी होणार, पानासारखी तरंगत येणार. शेपटीकडे, म्हणजे लाईन बांधतो त्याच्या उलट्या टोकाकडे तोलली, तर शेपूट खाली करून सरळ जाणार, खोल पाण्यात, ओढीत आणि लांब फेकायला ही उपयोगी. मग दोन्ही बाजू हाताने चाचपून बघा, एक बाजू सपाट आणि दुसरीला फुगवटा असेल तर ती पडताना बाजूला घसरत, डोलत जाते, दोन्ही सारख्या असतील तर चाल जास्त सरळ. आणि शक्य असेल तर जेटीच्या कडेला स्वच्छ पाण्यात दोन-तीन मीटर सोडून डोळ्यांनी बघाच, दहा मिनिटं जातात, पण पुढे ६० मीटर खाली आपली जिग काय करतेय हे डोळे मिटून दिसायला लागतं.

रंगाचं उरकून टाकतो. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी गायब होतो, निळा सगळ्यात खोल टिकतो, त्यामुळे खोलवर तुमची ती भडक लाल जिग माशाला काळपटच दिसणार. ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर चांदी-निळी, गढूळ पाणी, पहाट-संध्याकाळ किंवा खूप खोल असेल तर ग्लोवाली, आणि ग्लो आधी टॉर्चने नीट चार्ज करून घ्या. एवढं पुरे.

हुकवर मात्र पैसे आणि वेळ दोन्ही घाला. बऱ्याच तयार जिग्सना शेपटीला ट्रेबल म्हणजे तीन टोकांचा हुक येतो, तो मी पहिल्या दिवशीच काढतो, एक तर तळाला सगळीकडे अडकतो आणि दुसरं म्हणजे मासा डोकं झटकतो तेव्हा जड जिगचं सगळं वजन त्या हुकवर तरफेसारखं येतं आणि हुक सुटतो. त्यापेक्षा डोक्याकडे असिस्ट हुक लावायचा, म्हणजे मजबूत दोरीच्या छोट्या तुकड्यावर लोंबणारा सिंगल हुक. मासा बऱ्याचदा डोक्याच्या बाजूनेच हल्ला करतो आणि हुक मोकळा असल्यामुळे जिग कितीही हलली तरी हुक तोंडात तसाच राहतो.

बांधायची पद्धत नीट बघा कारण इथे सगळे चुकतात. लीडर, म्हणजे मुख्य लाईनच्या पुढे जोडलेला वेगळा तुकडा, कधीच स्प्लिट रिंगला (किल्ल्यांच्या कडीसारख्या, फट असलेल्या कडीला) बांधायचा नाही, रिंगची जी फट असते ना त्यात गाठ सरकते आणि तिथेच कापली जाते. लीडर बांधायचा सॉलिड रिंगला, म्हणजे जोड नसलेल्या अखंड कडीला. असिस्ट हुकच्या दोरीचा फासही त्याच सॉलिड रिंगमध्ये ओवून ओढून घ्यायचा. मग स्प्लिट रिंग घ्यायची, तिच्यात एकीकडे सॉलिड रिंग आणि एकीकडे जिगचा कान. म्हणजे मासा ओढतो तेव्हा जोर लीडर, सॉलिड रिंग, हुक असा सरळ जातो, स्प्लिट रिंगवर फक्त जिगचं वजन. जिग बदलायची तर स्प्लिट रिंग उघडली की झालं, गाठ परत मारायला नको. रिंग उघडायला स्प्लिट रिंगचा पक्कडच वापरा, नखाने करायला गेलात तर नख जातं आणि हलत्या बोटीत कधीकधी जिग पण जाते. हुकचं माप असं, हुकचं तोंड जिगच्या रुंदीपेक्षा मोठं पाहिजे, नाहीतर हुक जिगला चिकटून बसतो आणि माशाला टोचतच नाही, आणि दोरीसकट लांबी जिगच्या अर्ध्यापर्यंत, त्यापेक्षा लांब नको. हळू जिगिंगला (जिग थांबत-थांबत उचलायची पद्धत, पुढे सांगतो) लोक डोक्याला दोन आणि शेपटीला दोन लावतात, तेव्हा वरचे आणि खालचे हुक एकमेकांपर्यंत पोचत नाहीत ना ते लावून झाल्यावर एकदा ताणून बघा. खडक असेल तर शेपटीचे सरळ काढून टाका.

लाईन ब्रेडच, म्हणजे विणलेलीच हवी, नायलॉन ताणलं जातं त्यामुळे खालचा चावा वर येईपर्यंत विरून जातो आणि तुमचा झटका पण खाली पोचत नाही. किनाऱ्यावरून पीई (ब्रेडच्या जाडीचं माप) १ ते १.५, बोटीवरून हळू जिगिंगला १.५ ते ३, मोठ्या माशांना त्याहून जाड. दर १० मीटरला रंग बदलणारी लाईन घ्या, किती खोल गेलीय ते कळतं आणि मासे मधल्या पाण्यात लागत असतील तर परत त्याच थराला थांबता येतं. पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर, जोडायला एफजी गाठ, ही घरी बसून पन्नास वेळा मारा, बोटीवर शिकायची गोष्ट नाही ती. सुरमई, बाराकुडा असले दातवाले असतील तर असिस्टच्या दोरीत वायर असलेले हुक लावा, लांबच लांब वायरचा लीडर लावलात तर जिगची चाल मरते.

आता प्रत्यक्ष वापरायचं. जिग सोडताना स्पूलवर बोट किंवा अंगठा हलकासा टेकवून ठेवा आणि नजर लाईनवर, गप्पा नंतर. ४५ मीटर पाणी आहे आणि लाईन ३० ला अचानक थांबली किंवा एकदम सैल पडली, तर तो तळ नव्हे, मासा आहे, लगेच रील बंद करून गुंडाळायला लागा. नवीन लोकांचे असे कितीतरी मासे जातात, त्यांना वाटतं आज तळ लवकर आला. खरा तळ लागला की लाईन ढिली पडते, त्या क्षणी रील बंद आणि दोन वळसे पटकन वर, जिग तळावर आडवी पडून राहिली की अडकलीच समजा.

हळू जिगिंगला रॉड साधारण आडवी धरायची आणि हँडल एका दमात अर्धा वळसा किंवा पाव वळसा फिरवून थांबायचं. काम हाताने नाही करायचं, रॉडचं टोक वाकतं आणि परत सरळ होतं, तोच जिगला टोला असतो, जिग बाजूला उडते, आडवी होते आणि पडायला लागते. ती पडताना लाईन किंचित सैल दिसते, मग हळूच ताणली जाते. हे सैल-ताठ, सैल-ताठ एकदा हातात बसलं की त्यात काही वेगळं झालेलं लगेच कळतं, ताठ व्हायला हवी होती आणि झालीच नाही, किंवा वेळेआधी जड झाली, दोन्ही वेळा मासा. दहा-पंधरा वेळा असं करत वर यायचं, परत तळाला सोडायचं, दोन-तीनदा झालं की लाईन तिरकी होते, मग सगळी गुंडाळून नव्याने सोडा. घाईतली जिगिंग वेगळी, रॉडचं बूड काखेत दाबायचं आणि एक उचल-एक वळसा, एक उचल-एक वळसा असं न थांबता अर्ध्या पाण्यापर्यंत किंवा पार वरपर्यंत, दहा मिनिटांत घाम फुटतो. दोन्हीत एक चूक सारखी, हात डोक्याच्या वर नेऊन मोठमोठे हिसडे मारायचे, त्याने मधे इतकी ढील पडते की हुक लीडरलाच गुंततो आणि मग अर्धा तास तुम्ही उलट्या लटकलेल्या जिगवर गरवत बसता.

किनाऱ्यावरून असेल तर फेकायच्या आधी मागे बघा, मग जिग पडल्यापासून तळ लागेपर्यंत आकडे मोजा. समजा १८ ला लागली, तर पुढच्या वेळी १५ ला थांबवून दोन-तीन उचल, परत पडू द्यायची, परत उचल. वाळू असेल तर तळाला टेकू दिली तरी चालतं, खडक असेल तर मोजणीवरच चाला.

मासा लागला की सिनेमातल्यासारखा झटका मारू नका, गुंडाळत राहा आणि रॉड उचला, हुक धारदार असेल तर तो आपणच बसतो. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, तुमच्या सगळ्यात कमजोर गाठीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. हळू जिगिंगच्या रॉड्स जिग नाचवायला बनवलेल्या असतात, माशाशी कुस्ती खेळायला नाही, त्यामुळे मोठा मासा असेल तर रॉड खाली पाण्याकडे झुकवून रीलनेच काम काढा, उभी धरलीत की ताडकन जाते.

अडकली तर? आधी लाईन ताणून एकदम सोडा, धनुष्याच्या दोरीसारखी, चार-पाच वेळा, बऱ्याचदा सुटते. नाहीच सुटली तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापून जाईल, लाकडाच्या दांडक्याला गुंडाळून सरळ रेषेत ओढा, तोंड फिरवून, आणि उथळ पाण्यात असाल तर जास्तच जपून कारण सुटलेली १०० ग्रॅमची जिग गोळीसारखी परत येते. डोळ्यावर चष्मा असू दे, ऊन असो नसो.

खोल पाण्यातून आलेला मासा सोडायचा असेल तर त्याचं पोट फुगून तोंडातून बाहेर आलेलं दिसेल, दाब कमी झाल्यावर आतली हवेची पिशवी फुगते त्याने होतं ते. ते फुगलेलं टोचू नका, वजन लावलेल्या क्लिपने जबड्याला धरून परत खोल नेऊन सोडलं की हवा पुन्हा आकसते आणि तो पोहायला लागतो. वरच्यावर टाकला तर तरंगत राहतो आणि पक्षी खातात.

घरी आलं की वापरलेल्या जिग्स वेगळ्या डब्यात, त्याच डब्यात कोरड्यांबरोबर टाकल्यात तर एका ओल्या जिगने सगळे हुक गंजतात, माझा एक पूर्ण डबा असाच गेला. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, मग फडक्यावर पसरून पार वाळवायच्या. शिसं हाताळल्यावर खाण्याआधी हात धुवा. हुक नखावर ठेवून बघा, घसरला तर धार गेली, असिस्टची दोरी फेसाटलेली दिसली तर बदला, स्प्लिट रिंग जराशी उघडी वाटली तर फेकून द्या. रंग उडालेल्या जिग्स मात्र मी परत रंगवत नाही, तशाच नवीन हुक लावून डब्यात वरच्या कप्प्यात ठेवतो.