नागपुरात आलात? सही घरी करून जाऊ नका

साताऱ्याहून मिहानमधल्या नोकरीसाठी इथे आलो त्याला बारा वर्षं झाली. गावाकडून कुणी आलं की घर मिळाल्यावर हमखास फोन येतो: "दादा, मालक म्हणतायत भाडेकरार नोटरी करून टाकू. करू का?"

नको. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ स्टॅम्प पेपर, टायपिंग, शिक्का, तासाभरात मोकळा. नंतर एका बँकेने पत्त्याचा पुरावा म्हणून तो कागद घेतलाच नाही. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याच्या घराचा, करार सरकारदरबारी नोंदवायलाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात. मालकाला हे गोडीत सांगा, लगेच तयार होतात. नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो.

मग नोटरी कशासाठी? हा किमान दहा वर्षं वकिली केलेला (महिला आणि मागास प्रवर्गांसाठी सात), 1952 च्या कायद्याखाली सरकारने नेमलेला माणूस. तुमचं ओळखपत्र पाहतो, सही समोर करून घेतो, शपथ देतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो. एवढंच! कागदात लिहिलंय ते खरं असल्याची हमी तो देत नाही, ती जोखीम तुमची. म्हणून सही घरी करून नेऊ नका, आणि "साहेब नाहीत, पण शिक्का मारून देतो" म्हणणाऱ्याकडून तर काही घेऊच नका.

सासरे खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर होते तेव्हा पेन्शनच्या कागदासाठी नोटरी मॅडम रजिस्टर घेऊन प्रतापनगरला घरी आल्या होत्या. असं बोलावता येतं. फक्त येण्याजाण्याचे पैसे फोनवरच ठरवा आणि मूळ आधार कार्ड काढून ठेवा. सासऱ्यांचं ऐनवेळी कपाटात कुठे गेलं ते सापडेना, मॅडम तोवर चहा पीत बसल्या.

मुलांच्या शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र, नावातला फरक, हरवलेली मार्कशीट, ही कामं नोटरीकडे होतात. जात किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचं प्रतिज्ञापत्र असेल तर मुद्रांक शुल्क माफ आहे, उगाच 500 चा स्टॅम्प घेऊ नका.

आणि चार वर्षांनी इथे रमलात, की कुणीतरी बेसा रोडकडचा प्लॉट "नोटरीवर" स्वस्तात दाखवेल. त्या कागदाने मालकी मिळत नाही. विक्रीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं तरच प्लॉट तुमचा. इसाराचे पैसे देण्याआधी सातबारा आणि एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं रिलीज लेटर, बघा, नाहीतर मला फोन करा.