डोकं दुखतंय की दाढ? घरच्या घरी कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

आपल्याकडे डोकं धरलं की ठरलेला कार्यक्रम असतो, आधी बाम, मग उकाड्याला शिव्या, मग कडक चहा, तरी नाही थांबलं तर मेडिकलवाल्याकडून "डोक्याची एक द्या", आणि आठवडाभर असंच चाललं की चष्म्याचा नंबर वाढला असणार. तोंड उघडून दाढ बघायचं काही कुणाला सुचत नाही. आणि एका बाजूचं कानशील सारखं ठणकत असेल तर ते आधी बघायला हवं.

कारण साधं आहे. दात, जबडा, गाल, डोळ्याभोवतीचा भाग, कपाळ, कानशील या सगळ्याची जाणीव मेंदूकडे नेणारी मुख्य नस एकच, ट्रायजेमिनल नर्व्ह, तिच्या तीन शाखा आहेत पण शेवटी सगळे निरोप मेंदूत एकाच ठिकाणी जातात, त्यामुळे दाढेतून आलेली कळ कानशिलात, कानात नाहीतर डोळ्याखाली जाणवते. वरच्या दाढेचं दुखणं खालच्या दाढेत वाटू शकतं, पण उजवीकडचं डावीकडे सहसा जात नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिलं काम, दोन-तीन दिवस नीट लक्ष द्या. कुठल्या बाजूला दुखतं, कधी दुखतं. गार पाणी प्यायल्यावर, आंबापोळी चिकटल्यावर, जत्रेतला खाजा चावताना कळ आली आणि मग डोकं चढलं, किंवा रात्री आडवं पडल्यावर वाढलं, तर संशय दाढेवर.

मग मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा घ्या, घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा कारण मागच्या दाढा स्वतःला दिसत नाहीत. काळा खड्डा, तुटलेला कोपरा, हिरडीवर पुळीसारखा फोड, जुनं सिमेंट निघालेलं, हे शोधायचं. काहीच दिसलं नाही म्हणून सुटलात असं नाही, दोन दाढांच्या फटीतली कीड एक्सरेशिवाय दिसतच नाही बऱ्याचदा.

आता गार पाण्याची परीक्षा. एक घोट त्या बाजूला धरा. झिणझिण आली आणि लगेच गेली तर कीड बहुतेक अजून वरवर आहे, सिमेंट भरून भागेल. पण पाणी गिळून टाकलं तरी अर्धा-एक मिनिट कळ मागे रेंगाळत राहिली, तर आतल्या नसेला सूज आलीय. आणि गरम चहाने ठणका लागतो आणि गार पाण्याने बरं वाटतं, इतकं की माणूस उशाला पाण्याची बाटली घेऊन झोपतो, एकेक घोट तोंडात धरून रात्र काढतो, अशी अवस्था असेल तर नस मरायला टेकलीय, इथे थांबू नका. चमच्याच्या मागच्या टोकाने दाढांवर हळूच टकटक करा, एकच दाढ वेगळी दुखली तर तिचं नाव पक्कं.

पण सगळं खापर दाढेवर फोडू नका. पुढे वाकल्यावर गाल आणि कपाळ जड होतं, नाक चोंदलंय, वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, तर सायनस बघा (वरच्या दाढांची मुळं सायनसला अगदी लागून असतात, त्यामुळे उलटही होतं, किडलेल्या दाढेने सायनस पिकतो). सकाळी उठल्याउठल्या दोन्ही कानशिलं आणि जबडा आंबलेला वाटतो तर झोपेत दात खाता का ते घरच्यांना विचारा. चालताना, चढ चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर डेंटिस्ट नको, आधी हृदयाची तपासणी.

आणि पावसाळ्यात आपल्या कोकणासाठी खास सूचना: लावणीच्या चिखलात उभं राहून आलात, ताप आहे, डोकं फुटतंय, पोटऱ्या दुखतायत, तर दाढ किडलेली असली तरी आधी सरकारी दवाखाना. ते लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप) असू शकतं, डेंग्यूही असू शकतो, आणि तिथे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे.

डेंटिस्टचा नंबर लागेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, झोपताना डोकं थोडं उंच ठेवा, पॅरासिटॅमॉल चालत असेल तर पाकिटावरच्या मापातच घ्या. लवंगेचं तेल कापसाला किंचित लावून, पिळून, फक्त खड्ड्यात, हिरडीला लागलं तर भाजतं. गोळी चुरून हिरडीवर ठेवू नका. मिश्री दाबून बसू नका, आजीला बरं वाटायचं हे खरं पण ती तंबाखूच आहे. मनाने अँटिबायोटिक नको, आतली किडलेली नस त्याने बरी होत नाही. आणि बियांची धुरी देऊन "दाढेतला किडो काढतंय" म्हणणारे अजून भेटतात, दाढेत किडा नसतोच, जंतूंच्या आम्लाने दात विरघळतो.

डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त घेत असाल, आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हेही डॉक्टरला सांगा.

ठणका अचानक आपोआप थांबला तर बरेच लोक खूश होऊन अपॉइंटमेंट कॅन्सल करतात. नस मेली की दुखणं थांबतं, जंतू मात्र मुळाशी काम करत राहतात आणि काही आठवड्यांनी गाल सुजवून परत येतात. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा.

दवाखान्यात गेल्यावर दाढेचा एक्सरे होईल, मग सिमेंट, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. वरची दाढ काढली की नजर जाते असं गावात छातीठोकपणे सांगतात, त्यात तथ्य नाही, दिसण्याची नस वेगळीच आहे. दाढ नीट होऊनही डोकं पूर्वीसारखंच दुखत राहिलं तर दुसरी दाढ काढायला सांगू नका, फिजिशियनला दाखवा, मायग्रेन सोबतीला असू शकतो.

चाकरमान्यांनी एक करा, गणपतीच्या सुट्टीत गावाला रूट कॅनाल सुरू केलं आणि दोन-तीन सिटिंग्ज लागणार असतील तर निघताना एक्सरे आणि ट्रीटमेंटचा कागद मागून घ्या, म्हणजे मुंबईतला डॉक्टर तिथूनच पुढे करेल, कच्चं सिमेंट भरून दिवाळीपर्यंत ढकलू नका.