रीफच्या आड गळ टाकताना: जागा, वेळ आणि मांडणी

समोर प्रवाळाची रांग, म्हणजे रीफ, असलेला किनारा नवख्याला हमखास फसवतो. लाटा बाहेरच फुटतात, आतलं पाणी शांत आणि नितळ असतं, आणि मासे त्या पांढऱ्या फेसाशीच असणार असं वाटून माणूस जिवाच्या आकांताने लांब फेकू लागतो. शिसं प्रवाळात अडकतं, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, तुटतो. मासे मात्र बरेचदा पायांपासून पंधरा-वीस मीटरवर, वाळू आणि खडक जिथे मिळतात त्या कडेला चरत असतात. इथे लांब फेकीपेक्षा पाण्याची वाट ओळखणं जास्त कामाचं.

म्हणून पहिली फेरी गळ न घेता, पूर्ण ओहोटीला मारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाची ओहोटी असेल तर उत्तम, कारण तेव्हा तळ सर्वाधिक उघडा पडतो. तीन गोष्टी शोधायच्या: रीफमधली खिंड, खिंडीकडे जाणारे चर, आणि खडकांमधले वाळूचे खळगे. खिंड लांबूनही कळते. फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ जिथे तुटते आणि पाणी गडद दिसतं, तीच ती. प्रत्येक जागेसाठी किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा धरून ठेवा, उदाहरणार्थ एखादं झाड आणि त्यामागचा कडा. भरतीला सगळं एकसारखं निळं झालं की याच खुणा उपयोगी पडतात.

खिंडीचं महत्त्व असं: लाटा रीफवरून आत पाणी लोटत राहतात आणि ते पाणी परत जायला खिंडीचीच वाट असते. त्यामुळे तिथला ओढा ओहोटीला जोरदार असतोच, पण मोठ्या लाटा असतील तर भरतीलाही पाणी बाहेर वाहताना दिसेल. त्या पाण्यासोबत कोळंबी, बारीक मासळी वाहत येते. शिकारी मासा मुख्य धारेत ताकद घालवत नाही. धारेच्या कडेला, खडकाच्या आडोशाला थांबतो. आमिष धारेच्या मधोमध न टाकता कडेला टाकून वाहत तिथे जाऊ द्यायचं.

वेळ याच हिशेबाने ठरते. अर्धी भरती झाल्यापासून पूर्ण भरतीनंतर तासभर, मासे उथळ पठारावर चढलेले असतात. तेव्हा खळग्यांवर गळ टाका. पाणी उतरू लागलं की ते चरांतून माघारी फिरतात, मग खिंडीच्या आतल्या तोंडाशी जा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा ती पहाटे किंवा संध्याकाळी येईल असे दिवस आधीच हेरता येतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी चढतं-उतरतं. अनेकजण हे दिवस टाळतात, पण फार उथळ रीफवर भांगालाच आत जास्त वेळ पुरेसं पाणी टिकतं.

सामान हलकं पुरतं. ९ ते १० फुटी, २० ते ५० ग्रॅम वजन फेकणारा रॉड, ४००० मापाचं स्पिनिंग रीळ, २० पौंडी ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेला दोर. ब्रेडेड लाइन प्रवाळाला घासली की पटकन कापली जाते, म्हणून तिच्यापुढे ०.५० ते ०.६० मिमीचा तंगूस, दोन मीटर तरी, जोडायचाच. हे दोन दोर जोडायला डबल युनी गाठ पुरते: ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, तंगुसाच्या बाजूने पाच, आणि आवळण्याआधी गाठ ओली करायची. कोरडी आवळली तर तंगूस तापून तिथेच कमजोर होतो.

शिशाची मांडणी करताना शिसं जाणार हे गृहीत धरा. जोडलेल्या तंगुसात एक सरकती कडी ओवा, मग मणी, मग फिरकी (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधा. फिरकीपुढे ४० ते ५० सेंमी तंगूस आणि १/० मापाची गरी, म्हणजे आकडा. शिसं कडीला थेट अडकवायचं नाही, ०.२५ मिमीच्या १५ सेंमी बारीक तंगुसाने टांगायचं. अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि मासा परत येतो. लाटा नसल्याने २० ते ३० ग्रॅमचं गुळगुळीत गोल शिसं बास. लाटांच्या किनाऱ्यावर वापरतात ती तारांची शिशं इथे आणूच नका, ती प्रवाळ धरूनच बसतात. खळगा लहान आणि भोवती सगळा खडक असेल तर शिसं सोडून तरंगा लावा आणि आमिष तळापासून हातभर वर राहील इतकी खोली धरा.

आमिषाला कोळंबी सगळ्यांत सोपी, पण बारीक मासे ती टोचून टोचून संपवतात. तसं होऊ लागलं की माकुलाची एक सेंमी रुंद, बोटभर लांब पट्टी लावा; ती चिवट असते. गरीचं टोक नेहमी उघडं ठेवा. सर्कल गरी, म्हणजे टोक आत वळलेली गरी, वापरत असाल तर मासा लागताच झटका देऊ नका, दोर ताणेपर्यंत नुसतं रीळ फिरवा. झटक्याने ती तोंडातून निसटते. न झटकता मात्र बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच बसते, त्यामुळे मासा सोडणंही सोपं जातं.

लागलेला मासा सरळ कपारीकडे धावतो आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांतच निकाल लागतो. ड्रॅग, म्हणजे ताण आला की दोर सुटू देणारा रिळाचा ब्रेक, ताणकाट्याने मोजून अडीच-तीन किलोवर ठेवा, रॉड उंच धरा, दोर प्रवाळाच्या वर राहू द्या. तरीही गोब्रा कपारीत शिरलाच तर ओढाओढ करू नका, दोर घासून तुटेल. ढील द्या, पाच मिनिटं थांबा. ताण गेला की तो कधीकधी आपणहून बाहेर निघतो. दोर हलताना दिसला की लगेच उचला.

पायांत जाड रबरी तळाचे बूट हवेतच. वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. तो मोडतो आणि पायही कापतो. पाकट किंवा स्टोनफिशचा काटा लागला तर पाण्याबाहेर येऊन ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या नाही, चांगल्या हाताने तपासायचं.

पठारावर पुढे गेलेल्यांची कोंडी समोरच्या पाण्याने होत नाही, पाठीमागचा चर आधी भरतो. येताना ओलांडलेल्या चरात पाणी गुडघ्याला लागलं की परत फिरा. खिंडीच्या ओढ्यात सापडलात तर त्याच्या विरुद्ध पोहू नका, आडवं पोहून बाजूला निघा.

मासेमारीला बंदी असलेला पट्टा, माशाचं किमान माप आणि परवाना यांचे नियम रीफवर सहसा कडक असतात, ते निघण्याआधी पाहा. केंड (पफरफिश) मासा खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही. उष्ण पाण्यातल्या रीफवरच्या मोठ्या शिकारी माशांत, बाराकुडा, वाम, थोराड गोब्रा यांच्यात, सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं. तेही ना उकळून जातं ना गोठवून, आणि चवीला कळत नाही. अशा पाण्यात मध्यम आकाराचे मासे ठेवा, मोठे सोडून द्या.