जनगणनेचे आकडे नकाशावर कसे शिकवायचे? आपल्या विदर्भापासूनच सुरू करा

जनगणनेचा तक्ता नुसता फळ्यावर लिहून दिला तर पोट्टे तो पाठ करतात अन् परीक्षा झाली की विसरतात, म्हणून आकडे त्यांच्याच हातानं नकाशात भरून घ्या.

आधी विदर्भाच्या 11 जिल्ह्यांचा कोरा नकाशा प्रत्येकाला द्या, झेरॉक्स चालते. मग 2011 चे दोनच जिल्हे घ्या. गडचिरोलीची लोकसंख्या 10,72,942 अन् भंडाऱ्याची 12,00,334. विचारा, फरक मोठा आहे का? सगळे म्हणतील, फारसा नाही. आता क्षेत्रफळ सांगा, गडचिरोली 14,412 चौरस किलोमीटर अन् भंडारा 4,087, आणि भागाकार त्यांनाच करू द्या. गडचिरोलीत एका चौरस किलोमीटरमागे 74 माणसं, भंडाऱ्यात 294! घनता हा शब्द मी तरी यानंतरच सांगीन, आधी नाही.

मग रंगवायला घ्या. रंग एकच, माणसं कमी तिथं फिका अन् जास्त तिथं गडद. चार-पाच रंग वापरले की नकाशा सुंदर दिसतो पण वाचता येत नाही.

खरी मजा गट पाडण्यात आहे, इथं एक पूर्ण तास द्या. 100 च्या खाली, 100 ते 300 आणि 300 च्या वर असे घनतेचे गट केले तर चंद्रपूर (193) अन् भंडारा (294) एकाच रंगात येतात. आता 300 ची रेघ 200 वर आणा, चंद्रपूर वेगळा पडतो आणि यवतमाळ (204) भंडाऱ्यासोबतच राहतो. आकडे तेच, नकाशा दुसरा. हे पोरांना एकदा दिसलं की पेपरातला रंगीत नकाशा पाहून ती आधी खालची सूची वाचतील.

त्यानंतर "असं का?" विचारा. जंगल, धानाची शेती, नागपूरसारखं शहर, उत्तरं पोरंच देतात. सोबत हेही विचारा की गडचिरोलीत देसाईगंज अन् भामरागड सारखेच आहेत का, कारण जिल्ह्याच्या एका रंगात तालुक्यांचा फरक लपतो.

दोन जनगणनांची तुलना करताना मात्र आधी सीमा तपासा. गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे 1991 पासूनची वाढ काढायची तर 2001 चे भंडारा-गोंदियाचे आकडे आधी एकत्र करा, मगच वजाबाकी.