"समजलं ना आजोबा?" : कॅन्सरच्या वयस्क रुग्णांना घरी सोडताना या चुका टाळा

नातेवाईक बिलाच्या रांगेत, बेडसाठी पुढचा पेशंट खोळंबलेला. अशा घाईत आपण नर्स मंडळी गोळ्यांची यादी घडाघडा वाचतो, "समजलं ना?" विचारतो आणि आजोबा मान हलवतात. त्या मानेवर विसंबू नका.

एकदा अशाच एका आजोबांना सहज म्हटलं, "रात्रीची गोळी दाखवा बरं." त्यांनी सकाळची पट्टी उचलली. कानाचं यंत्र बॅगेत आणि बॅग मुलाबरोबर खाली गेलेली! आता आधी यंत्र-चष्मा, मग माहिती, आणि शेवटी सगळं त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

घरचा औषधांचा डबा आपण बघतच नाही. बीपी, शुगरच्या जुन्या गोळ्या तिथे असतात, कधी एकच औषध दोन नावांनी. डबा एक-दोन दिवस आधी मागवा. डॉक्टरांना विचारून बंद झालेल्या गोळ्या वेगळ्या काढा.

मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध, त्याने पोट साफ होत नाही) चालू असेल तर पोट साफ होण्याचं औषध यादीत आहे का, हे बघा. घरचे ते 'जास्तीचं' समजून गाळतात. मग पोट गच्च होतं आणि आजी वेदनेची गोळीच सोडून देतात.

"ताप आला तर फोन करा" एवढं सांगणंही अपुरं आहे. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वात कमी होतात. त्या काळात 100.4 फॅरनहाइट (38 सेल्सिअस) ताप म्हणजे लगेच दवाखाना, मध्यरात्र असली तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसाला संसर्ग असूनही ताप चढत नाही, असं होतं. अचानक बरळणं, गुंगीत पडून राहणं, थंडी वाजणं, हेही तितकंच गंभीर. रात्रीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

आणि शिकवतो कुणाला? धावपळ करणाऱ्या मुलाला. घरी रात्री उठवून संडासला नेणार असते सत्तरीची, गुडघे दुखणारी बायको. "रात्री कोण असतं?" हे भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच विचारा. ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) पिशवी असेल तर ती तिच्याच हातांनी वॉर्डात दोन-तीनदा रिकामी करून घ्या. पहिल्या वेळी हात थरथरतात, तेव्हा शेजारी नुसतं उभं राहायचं. पिशवी आपण हातात घ्यायची नाही.