सॅम्पलरचा फिल्टर नेमका किती कापतो ते घरीच मोजा

ईम्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरवर (आवाज रेकॉर्ड करून पुन्हा वाजवणारं १९८७चं मशीन, १२ बिट, सॅम्पलिंग रेट २६.०४ किलोहर्ट्झ) फिल्टर वरच्या फ्रिक्वेन्सी कुठून कापतो हे कानाने ठरवू नका, कान लगेच सवयीचा होतो. कॉम्प्युटरवर दोन सेकंदांचा व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोराने असलेला खरखराट) बनवा, लांब नको कारण एका सॅम्पलला अडीच सेकंदांचीच मर्यादा आहे, लेव्हल जरा कमी ठेवून मशीनमध्ये सॅम्पल करा आणि पिच अजिबात हलवू नका, नाहीतर नॉइजचा स्पेक्ट्रमच (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर, तो आलेख) सरकतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता खरी गंमत. ७ आणि ८ नंबरच्या आउटपुटला फिल्टरच नाहीये! म्हणजे आधी तोच नॉइज ७ मधून रेकॉर्ड करायचा, मग ३ ते ६ पैकी एकातून (तिथे फिक्स फिल्टर असतो), गेन तोच ठेवून, आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचा स्पेक्ट्रम काढून डेसिबलमध्ये वजाबाकी करायची. इनपुटचा, ऑडिओ इंटरफेसचा रंग दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे उडून जातो, उरतो तो निव्वळ फिल्टर. एक-दोनदा नाही, आठ-दहा वेळा वाजवून सरासरी घ्या, नॉइजचा आलेख फार दातेरी येतो. जिथे ३ डेसिबल खाली आलं तो कटऑफ, तिथून बरंच पुढे एका ऑक्टेव्हमध्ये किती पडतं तो उतार.

१३ किलोहर्ट्झच्या (सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याच्या) वरचं फिल्टरच्या हिशेबात धरू नका, ती सॅम्पलिंगमुळे उमटणारी खोटी प्रतिबिंबं, भुतंच. आणि १-२ नंबरच्या आउटपुटवर एसएसएम २०४४ ही फिल्टरची चिप आहे, तिथे कटऑफ वाजता वाजता खाली सरकतो, त्यामुळे सरासरी काढलीत तर खिचडीच मिळेल, तिथे स्पेक्ट्रोग्रामच (वेळेबरोबर स्पेक्ट्रम कसा बदलतो ते दाखवणारं चित्र) बघा.